मुंबई-कराची संग्रहालय काढायचं झालं, तर काय काय ठेवाल?

बोरीबंदर

अमृतसरचं फाळणी संग्रहालय पाहिल्यापासून एक विचार डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो.

आधी त्या संग्रहालयाबद्दल. सुवर्णमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्या टाउन हॉलमध्ये आहे. रीतसर उद्घाटन झालं १७ ऑगस्ट २०१७ला. तारीख मुद्दाम निवडलेली, कारण रॅडक्लिफने आखलेली भारत-पाकिस्तान सीमारेषा जाहीर झाली ती १७ ऑगस्ट १९४७ला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र होऊन गेल्यावर. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागलेला आणि खुलन्यात भारताचा. संग्रहालय एका विश्वस्त संस्थेने उभं केलंय आणि वस्तू लोकांनी घरातून काढून दिल्यात. उदाहरणार्थ एक फुलकारीचा कोट आणि एक चामडी ब्रीफकेस. कोट तिचा, ब्रीफकेस त्याची. लग्न ठरलेलं, पळापळीत ताटातूट झाली, अमृतसरच्या निर्वासित छावणीत परत गाठ पडली आणि १९४८ साली लग्न लागलं. एका दालनात विहीर आहे, अब्रू वाचवायला बायकांनी जीव दिला त्या विहिरींची आठवण म्हणून. शेवटी काटेरी तारेचं झाड आणि त्याला बघ्यांनी लिहून लावलेली कागदी पानं. काम मनापासून केलेलं आहे, यात वाद नाही.

पण आपल्याकडचा माणूस तिथून ‘बिचारे पंजाबी’ म्हणत बाहेर पडतो. फाळणी म्हणजे तिकडे उत्तरेत कुठेतरी झालेली गोष्ट. आता हे बघा: सिंध १८४७ साली मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ला वेगळा झाला. जवळजवळ नव्वद वर्षं कराचीचा कारभार मुंबईहून चालला. नागपूर आणि औरंगाबाद मुंबई राज्यात आले १९५६ला! म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या कितीतरी आधी कराची ‘आपल्यात’ होती. आणि आज आपल्याला त्याचा पत्ता नाही.

तर खेळ असा. मुंबई आणि कराची, दोन्ही शहरांचं मिळून एक संग्रहालय काढायचंय. वस्तू खरी असली पाहिजे, आणि एका शहराचं नाव काढलं तर तिची गोष्ट अर्धवट राहिली पाहिजे.

माझ्याकडून पहिली: पस मॉथ विमान. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोडवरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. एअर इंडियाची पत्रिका मांडायची तर जन्मस्थळ कराची लिहावं लागेल.

---

दप्तरदार

विषय आवडीचा काढलात. तुमच्या संग्रहालयाची निम्मी सोय आधीच झालेली आहे, फक्त पाटी कुणी वाचत नाही. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात (जुनं प्रिन्स ऑफ वेल्स) मिरपूरखासच्या स्तूपातली मातीची शिल्पं आहेत. मिरपूरखास सिंधमध्ये. हेन्री कझिन्सने १९०९-१०च्या सुमारास तिथे खोदलं. सिंध मुंबई इलाख्यात, म्हणून शिल्पं मुंबईला. साधा सरकारी हिशोब. ती भाजक्या मातीची बुद्धमूर्ती बघायला मुद्दाम जावं, अशी आहे.

आणि आता आपल्या लोकांना दुखेल असा ऐवज. मोहेंजोदडो पुराणवस्तू खात्याच्या पश्चिम मंडळात यायचं आणि त्या मंडळाचं कार्यालय पुण्यात होतं. तिथे पहिल्यांदा नीट जाऊन पाहणी करणारे देवदत्त रामकृष्ण भांडारकर, रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव. १९११-१२ची गोष्ट. त्यांनी विटा बघितल्या आणि अहवाल दिला की हे काही फार जुनं नाही, दोनेकशे वर्षांचं असेल. चार हजारांहून जास्त वर्षांची चूक! पुढे १९२२ला राखालदास बॅनर्जींनी खोदायला घेतलं, तेही पुण्याच्याच कार्यालयाचे प्रमुख म्हणून. नंतर तिथे काम केलेले काशिनाथ नारायण दीक्षित तर पंढरपूरचे.

भांडारकरांचा तो अहवाल काचेच्या पेटीत ठेवा. विद्वत्तेचं दालन म्हणून.

---

लेगब्रेक

माझी वस्तू: लॉर्ड्सचा धावफलक, जून १९३२. भारताचा पहिला कसोटी सामना. सलामीला कोण? जनार्दन नवले आणि नाऊमल जिऊमल. नवले पुण्याच्या बाजूचा मराठी यष्टिरक्षक, नाऊमल कराचीचा सिंधी. भारतीय कसोटी क्रिकेटची सुरुवातच पुणे-कराची भागीदारीने झालीय.

नाऊमल फाळणीनंतर पाकिस्तानातच राहिला, तिथल्या निवड समितीवर होता, आणि वारला कुठे? मुंबईत, १९८० साली. सिंधचा संघ तेव्हा आपल्या रणजीत खेळायचा, हेही हल्लीच्या पोरांना सांगून पटत नाही.

---

आगाऊ

वस्तू कसली, अख्खी इमारत देतो. मलबार हिलवरचा जिनांचा बंगला. वास्तुविशारद क्लॉड बॅटलीने आखलेला, १९३६च्या सुमारास बांधलेला, म्हणजे ज्या साली सिंध मुंबईपासून तुटला त्याच साली. सप्टेंबर १९४४मध्ये गांधी-जिना बोलणी याच बंगल्यात झाली. बाहेर एक फलक लावा: १९१६ साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडून जिंकणारा वकील इथे राहत होता.

पाकिस्तानला तिथे वकिलात हवी होती, वारसांनी कोर्टात दावा लावला, सरकारने आपल्या ताब्यात ठेवलाय. तिघांनाही मिळाला नाही असं करू आणि संग्रहालय काढू.

अवांतर: हैदराबाद सिंधमध्ये ‘बॉम्बे बेकरी’ आहे आणि आपल्या हैदराबादेत ‘कराची बेकरी’. दोन्ही सिंध्यांनी काढलेल्या. उपाहारगृहाचं कंत्राट कुणाला द्यायचं ते ठरलं.

---

स्पष्टवक्ती

सगळे मिळून जे गोड गोड चाललंय त्यात खडा टाकते. मुंबई आणि कराचीचा सामाईक इतिहास म्हणताय ना? मग २६ नोव्हेंबर २००८ कुठे ठेवणार? कराचीहून बोटीने आलेली दहा माणसं, १६६ मृत्यू. बोरीबंदर, तुम्ही नाव घेतलंय त्याच स्टेशनात गोळ्या चालल्या. जेआरडींचं विमान आणि क्रिकेटचा फलक ठेवून ‘बघा आपण किती एक होतो’ म्हणणं फार सोपं आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना तुमच्या संग्रहालयात तिकीट काढून यावंसं वाटेल का?

---

बोरीबंदर

@स्पष्टवक्ती, प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की ते दालन हवंच, आणि झाकून-पाकून नको. तसंच ४ डिसेंबर १९७१च्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर क्षेपणास्त्रं डागली तेही हवं. आपण तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा करतो, कराचीकर त्या रात्रीचं काय सांगतात ते आपण कधी ऐकलेलं नाही. पण म्हणून दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकायच्या नाहीत. युद्धात बंदरावर केलेला हल्ला वेगळा आणि स्टेशनात गाडीची वाट बघणाऱ्यांना मारणं वेगळं. संग्रहालयाने हा फरक स्पष्ट लिहावा. ‘दोन्ही बाजूंचं दुःख’ असल्या गुळगुळीत वाक्यात तो बुडवला तर मीच पहिला दगड मारीन.

---

स्पष्टवक्ती

हे लिहिलंत ते बरं केलंत. वाचतेय पुढे.

---

उल्हासकाठ

मी सिंधी. जन्म उल्हासनगरचा, शिक्षण मराठी माध्यमात, त्यामुळे इथे वावरतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पंजाबची गोष्ट आणि आमची गोष्ट वेगळी आहे. पंजाब आणि बंगाल कापले गेले. सिंध कापला नाही, अख्खाच तिकडे गेला. त्यामुळे आम्हाला ‘आमच्या बाजूचा’ तुकडाच मिळाला नाही. पंजाबी माणूस इकडच्या पंजाबात पंजाबी बोलत राहू शकतो, दुकानांच्या पाट्या गुरुमुखीत वाचू शकतो. आमचं राज्यच नाही. राष्ट्रगीतात एक शब्द आहे, तेवढाच.

दुसरं म्हणजे आम्ही आलो ते आगगाडीने कमी आणि जहाजाने जास्त. सिंधमध्ये १९४७च्या ऑगस्टात पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती. लोक थांबले होते, होईल सगळं ठीक म्हणून. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. बंदर रोडवरच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात मुक्काम, मग जहाज, मग मुंबई नाहीतर ओखा-वेरावळ. आमच्या घरी आजी सांगायची की कुलूप लावून किल्ली शेजारच्या मुसलमान बाईकडे दिली, कारण परत यायचंच होतं. हे जवळजवळ प्रत्येक सिंधी घरात ऐकायला मिळेल.

मुंबईने उतरवून घेतलं आणि कल्याणला पाठवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकी होत्या तिथे. लाखाच्या आसपास माणसं. एका बराकीत मधे गोणपाट टांगून अनेक कुटुंबं. १९४९ला नाव मिळालं उल्हासनगर, पण आजही पत्ता सांगताना आम्ही कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतो. दिल्लीच्या फाळणी संग्रहालयात आता सिंधवर वेगळं दालन आहे, ते चांगलंच झालं. पण बराकी दिल्लीत नव्हत्या, इथे होत्या.

तेव्हा माझी वस्तू: एक बराक. उचलून आणा नाहीतर संग्रहालयच तिथे काढा. आणि तिच्यात हेही लिहा की स्वागत काही फार प्रेमाने झालं नव्हतं. सिंध्यांबद्दलच्या तुमच्या म्हणी मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत.

---

दप्तरदार

उल्हासकाठ, शेवटचं वाक्य लागलं आणि लागायलाच हवं होतं.

---

मधली_सुट्टी

शाळेत शिकवते, म्हणून शाळेची वस्तू. कराचीत एनजेव्ही नावाची जुनी सरकारी शाळा आहे. १८५५ची. एनजेव्ही म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य! सिंधच्या शिक्षणखात्यात नेमलेले आपले मराठी अधिकारी. नाव आजही तेच चालू आहे. जिथे कित्येक रस्त्यांची आणि चौकांची नावं बदलली तिथे एका वैद्यांचं नाव शाळेवर टिकलंय.

त्याच काळात सिंधी कुठल्या लिपीत लिहायची यावर साहेबांमध्ये वाद पेटला होता, देवनागरी की अरबी. शेवटी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. तेव्हा सिंधचे कमिशनर होते बार्टल फ्रिअर. हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. कराचीत त्यांच्या नावाचा फ्रिअर हॉल. मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनलाही आधी त्यांचंच नाव द्यायचं चाललं होतं. म्हणजे हुतात्मा चौकातून जाताना आपण एका कराचीकर कमिशनरला वळसा घालतो. आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, १८५२चं ‘सिंध डाक’, तेही यांचंच. ते तिकीट लहान असलं तरी वेगळी पेटी द्या.

आणि उलट दिशेने आलेली शाळाही घ्या. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. तिथले प्राध्यापक फाळणीनंतर इकडे आले आणि १९४८ला त्यांनी चर्चगेटला जय हिंद कॉलेज काढलं. मुंबईत निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, तिथे शिकलेल्यांनासुद्धा.

---

कॉम्रेड_काका

साहेब, गव्हर्नर, बंगले, कॉलेजं! कामगार-खलाशी कुणाला आठवले नाहीत का?

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर नौसैनिकांनी संप केला. कारण निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या. दोन-तीन दिवसांत कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजावरचे नौसैनिक उठले आणि तिथे तर तोफांची चकमक झाली. मुंबईच्या जहाजांवर काँग्रेस, लीग आणि लाल बावटा असे तीन झेंडे एकत्र लागले होते. २२ तारखेला गिरणगाव बंद, रस्त्यावर गोळीबार, दोनशेहून जास्त माणसं मेली. त्या माणसांत कोण हिंदू, कोण मुसलमान ते गोळीने विचारलं नव्हतं. आणि काँग्रेस-लीगच्या पुढाऱ्यांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं ती कुठली? पोरांनो, शरण जा. पटेलांनी सांगितलं आणि जिनांनीही.

फाळणीला दीड वर्ष उरलं होतं. संग्रहालयाच्या मधोमध ते तीन झेंडे लावा.

---

आगाऊ

काकांनी जिनांच्याच घरात लाल बावटा लावला. मजा आली.

---

फिरतीचा_माणूस

कल्पना छान, पण हे होऊ शकतं का यावर थोडं. फ्रान्स आणि जर्मनीने केलंय. अल्सासमध्ये हार्टमान्सविलरकोफ नावाचा डोंगर आहे, पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक तिथे मेले. २०१४ला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी मिळून कोनशिला बसवली आणि १० नोव्हेंबर २०१७ला मॅक्रॉन-श्टाइनमायर यांनी ते संग्रहालय उघडलं. मजकूर दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून ठरवलेला. इतकंच काय, २००६ला दोघांनी शाळेसाठी इतिहासाचं सामाईक पुस्तकही काढलं.

पण क्रम लक्षात घ्या. १९६३ला करार, मग मुलामुलींची देवाणघेवाण, मग सीमेवरची नाकी उठली, आणि त्यानंतर संग्रहालय. युद्ध संपून शंभर वर्षं होत आली तेव्हा. आपल्याकडे एप्रिल २०२५पासून अटारीचा रस्ताही बंद. कराचीचा प्रेक्षक येणार कसा?

आपला अनुभव वस्तू वाटून घेण्याचा. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचे ६० टक्के-४० टक्के असे वाटे झाले आणि चाळीस टक्के १९४९ला इकडे आले. त्यातलीच गांधार शिल्पं फिरत फिरत १९६८ला चंदीगडच्या इमारतीत बसली. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी दिल्लीला आणि तो दाढीवाला पुरोहित-राजा कराचीला. मण्यांचे हार तर दोरा तोडून निम्मे निम्मे केले. भावाभावांत घराची वाटणी होताना आईची माळ तोडावी, तसं.

---

दप्तरदार

मग तीच पहिली वस्तू. अर्धा हार. आपल्या वाट्याचा दिल्लीहून मागून आणा आणि शेजारी तेवढीच रिकामी जागा सोडा. कराचीहून कधी उसना मिळाला तर ठेवायला.

---

लेगब्रेक

पुरातत्त्ववाल्यांनी बाजी मारली म्हणायची. तरी माझा धावफलक दाराशी हवा. लोक आत येतील ते त्यासाठी.

---

सातपाटीकर

आम्ही पालघरचे. सामाईक इतिहास असं वाचलं की हसू येतं, आमच्याकडे तो चालू आहे. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून आमच्या भागातली पोरं जातात, बोट रेषा ओलांडते, तिकडचे धरतात आणि पोरगा कराचीच्या मलीर तुरुंगात. तसेच त्यांचे कोळी आपल्या तुरुंगात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांची यादी देतात, २००८च्या कराराप्रमाणे. ज्या घरातला माणूस आत आहे ते घर या दोन तारखांवर जगतं.

आणि ती रेषा कुठेय? पाण्यावर कुणी आखलेली नाही. रॅडक्लिफने तिकडे बघितलंही नाही. सर क्रीकच्या खाडीचा वाद बसलाय तो १९१४च्या एका ठरावावर, आणि तो ठराव कुणाचा माहितीय? मुंबई सरकारचा! कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला तंटा मिटवायला केलेला. तेव्हा दोन्ही बाजू मुंबईच्याच अमलाखाली, म्हणून नकाशावर हिरवी रेघ मारून मोकळे. आज एक देश म्हणतो सीमा खाडीच्या पूर्व काठाने, दुसरा म्हणतो खाडीच्या मधोमध. खाडीचं ठरत नाही म्हणून पुढे समुद्रातलंही ठरत नाही, आणि त्यात आमची पोरं अडकतात.

माझ्याकडून दोन वस्तू: तो १९१४चा नकाशा, आणि यंदाच्या कैद्यांची यादी.

---

मधली_सुट्टी

दादा, ही यादी सहा महिन्यांनी बदलायला लागेल ना?

---

सातपाटीकर

हो ताई. नावं सुटली की पुसायची, नवी आली की लिहायची. ते काम आम्हीच करू, संग्रहालयाच्या माणसावर नको.

---

बोरीबंदर

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सध्या डोक्यात रचना अशी होतेय. दाराशी लेगब्रेकचा धावफलक (हट्ट पुरवला). आत अर्धा हार आणि मिरपूरखासची मूर्ती. मग फ्रिअर, वैद्य, टपाल तिकीट, विमान. मधोमध तीन झेंडे. पुढे जहाज आणि बराक. बराकीपासून पुढचं सगळं, १९७१, २००८, तुरुंग, खाडी, एकाच लांब दालनात सालवार. इमारतीबद्दल मात्र आगाऊंशी असहमत. जिनांच्या बंगल्यात काढलं की सगळी चर्चा जिनांवर जाईल आणि उल्हासकाठ यांची आजी कोपऱ्यात. माझं मत उल्हासनगरला. स्टेशनपासून चालत जाता येईल असं.

---

उल्हासकाठ

जागा शोधायची असेल तर लवकर शोधा. जुन्या बराकी पाडून टॉवर उभे राहतायत. कॅम्प तीनमध्ये काही उरल्यात, त्याही किती दिवस राहतील सांगता येत नाही.

---

स्पष्टवक्ती

बोरीबंदर, शेवटच्या दालनाला माझी हरकत आहे. २००८ला सालवारीत १९७१च्या शेजारी टांगू नका. वर तुम्हीच दोन्हींतला फरक लिहिलात. वेगळी खोली द्या, आणि तिथल्या पाट्या कोणी लिहायच्या हे अभ्यासकांनी नाही, त्या कुटुंबांनी ठरवावं. एवढं मान्य असेल तर बराकीसाठी वर्गणी गोळा करायला मी येते.